आयुष्याचे काम सापडलेला माणूस : कर्मवीर भाऊराव पाटील

शालांत परीक्षेचा निकाल लागला की घराघरांतून एकच प्रश्न विचारला जातो. मुलगा पुढे काय होणार? मुलगी काय शिकणार? आपल्या खराडीत तर हा प्रश्न अधिकच तीव्र झाला आहे. नगर रस्त्यावरचे, मुळा-मुठेच्या काठचे, हवेली तालुक्यातील हे गाव १९९७ साली पुणे महानगरपालिकेत आले आणि पाहता पाहता शेतांच्या जागी संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. त्या इमारतींत आपल्या मुलाला एक खुर्ची मिळावी असे प्रत्येक आईबापाला वाटते, आणि त्यात गैर असे काहीच नाही. परंतु एखाद्या मुलाचे मन त्या खुर्चीत नसते. शाळा सोडून नाक्यावर उभी राहणारी पोरे पाहून त्याचा जीव कासावीस होतो. त्यांना गोळा करावे, त्यांच्याशी बोलावे, त्यांना पुन्हा वाटेला लावावे, असे त्याला वाटत राहते. अशा मुलाला आपण बहुधा इतकेच सांगतो की, बाबा रे, आधी स्वतःचे पोट भर.

अशा मुलाने आणि त्याच्या पालकांनी एका माणसाचे चरित्र अवश्य नजरेखालून घालावे. तो मॅट्रिकदेखील पास झाला नाही, बोर्डिंगातून काढला गेला, काही न करता कोठडीत पडला, गावोगाव नांगर विकत हिंडला, आणि अखेर ज्या कामासाठी तो जन्माला आला होता ते काम त्याला सापडले. ते काम म्हणजे बारा ते अठरा वर्षांच्या, खेड्यापाड्यांतल्या, गरिबाघरच्या मुलांना सांभाळण्याचे. महाराष्ट्र त्या माणसाला कर्मवीर भाऊराव पाटील या नावाने ओळखतो. त्यांची मुले त्यांना अण्णा म्हणत.

अस्वस्थ बालपण

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी, आजोळी झाला. घराणे जैन, मूळ गाव वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात कारकून होते. त्यांच्या बदल्या होत, त्यामुळे मुलाची शाळाही बदलत असे. हा मुलगा पुस्तकात फारसा रमणारा नव्हता. कुस्ती, पोहणे आणि सवंगड्यांचा मेळा यांतच त्याचा जीव अडकलेला. आजच्या भाषेत बोलायचे तर पालकांच्या सभेत ज्याच्या नावाने तक्रार यावी असाच तो विद्यार्थी होता.

पण या उनाड दिसणाऱ्या मुलाला एक गोष्ट मुळीच खपत नसे, ती म्हणजे माणसाने माणसाला दूर लोटणे. ज्या विहिरीवर अस्पृश्यांना पाणी मिळत नव्हते तिचा रहाट त्याने मोडून टाकल्याची हकिकत सर्वश्रुत आहे. राग प्रत्येक पोराला येतो. या पोराचा राग दुसऱ्याच्या दुःखासाठी होता, एवढाच काय तो फरक. पुढे घडलेल्या सगळ्या गोष्टींचे बीज या एका स्वभावात आहे.

माध्यमिक शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात दाखल झाले आणि जैन बोर्डिंगात राहू लागले. ते दिवस राजर्षी शाहू महाराजांचे होते. निरनिराळ्या जातींच्या मुलांना शहरात शिकता यावे म्हणून महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहांची रांगच उभी केली होती. त्यात मराठ्यांचे वसतिगृह होते, जैनांचे होते, लिंगायतांचे होते आणि मुसलमान मुलांसाठी १९०६ साली स्थापन झालेले मोहामेडन एज्युकेशन सोसायटीचेही होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले, तेव्हा त्या समारंभाला भाऊराव आवर्जून गेले. परत आल्यावर बोर्डिंगच्या शिस्तीप्रमाणे त्यांना स्नान करून शुद्ध होण्यास सांगण्यात आले. त्यांनी साफ नकार दिला. परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. बोर्डिंगचे प्रमुख होते अण्णासाहेब लठ्ठे, जे पुढे कोल्हापूरचे दिवाण आणि मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. ते पुन्हा यावयाचे आहे.

त्याच काळात वाळवा तालुक्यात ज्ञानदेव घोलप नावाचा एक बुद्धिमान मुलगा, केवळ अस्पृश्य म्हणून, वर्गाबाहेर बसून शिकत असलेला भाऊरावांच्या दृष्टीस पडला. भाऊराव त्याला कोल्हापुरास घेऊन आले आणि मिस क्लार्क वसतिगृहात त्यांनी त्याची सोय लावली. हाच मुलगा पुढे मुंबईच्या कायदे कौन्सिलचा सभासद झाला. भाऊराव तेव्हा स्वतःच विद्यार्थी होते. त्यांच्यापाशी ना पैसा होता, ना पद. त्यांनी केले ते एवढेच, की एका मुलाला एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी नेले, आणि त्या मुलाचे आयुष्य बदलून गेले. आपल्याला कोणते काम करायचे आहे याचा पहिला इशारा नियतीने त्यांना इथेच दिला होता. पण माणसाला असा इशारा लगेच कळतो असे नाही. तो कळण्यासाठी भाऊरावांना आणखी दहा-अकरा वर्षे भटकावे लागले.

भटकंतीची वर्षे

मॅट्रिकची परीक्षा भाऊरावांच्या हातून पार पडली नाही. लग्न झाले होते, घरच्यांचा धीर सुटत चालला होता. साताऱ्यात येऊन त्यांनी शिकवण्या धरल्या आणि ते पाटील मास्तर म्हणून ओळखले जाऊ लागले. याच सुमारास काही सहकाऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी दुधगाव येथे विद्यार्थ्यांसाठी एक आश्रम काढला. त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहत. हा प्रयोग लहान होता, पण मुलांना नुसती शाळा पुरत नाही, त्यांना राहायला जागा लागते, हे त्यांना तिथे कळले.

इतक्यात एक मोठे संकट कोसळले. १९१४ साली कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचे एक प्रकरण गाजले. त्यात लठ्ठे यांना गोवण्यासाठी भाऊरावांनी खोटी साक्ष द्यावी असा पोलिसांचा आग्रह होता. लठ्ठ्यांच्याच बोर्डिंगातून भाऊरावांना काढून टाकण्यात आले होते. सूड उगवायचा असता तर याहून सोपी संधी कोणती होती? भाऊरावांनी खोटी साक्ष देण्याचे नाकारले. त्याबद्दल त्यांना कोठडीत डांबण्यात आले व त्यांचे अतोनात हाल झाले. पण ते खोटे बोलले नाहीत. विद्यार्थ्यांनी हा प्रसंग विसरू नये. ज्याच्या हाती इतरांची मुले सोपवायची, तो माणूस आधी असा पारखून निघावा लागतो.

सुटका झाल्यावर पोटापाण्यासाठी त्यांनी विक्रेत्याचा धंदा पत्करला. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचे लोखंडी नांगर ते गावोगाव विकू लागले. ओगल्यांच्या काच कारखान्यासाठीही त्यांनी काम केले. या कामात त्यांना चांगले यश आले. लोखंडाच्या फाळाने जमीन नासते असा समज त्या वेळी शेतकऱ्यांत पसरलेला होता. अशा शेतकऱ्याच्या बांधावर बसायचे, त्याची भाकरी खायची, त्याच्या शंका ऐकून घ्यायच्या आणि धीराने त्याचे मन वळवायचे, ही विद्या भाऊराव या वर्षांत शिकले. वरवर पाहता नांगर विकणे आणि मुले सांभाळणे यांचा काही संबंध दिसत नाही. पण पुढे आपले पोर शाळेत पाठवा म्हणून शेकडो अडाणी आईबापांची मने वळवायची होती, ती याच विद्येच्या बळावर. प्रामाणिकपणे केलेले कोणतेही काम वाया जात नाही, याचे हे उत्तम उदाहरण होय.

या फिरतीत त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. गावात चौथीपर्यंतची शाळा असे. त्यानंतर मुलगा बारा-तेरा वर्षांचा झाला की एकतर गुरांमागे जाई, नाहीतर चावडीवर बसून वाया जाई. हुशारी होती, अंगात रग होती, पण पुढची शाळा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी. तिथे ना नातेवाईक, ना खाणावळीचे पैसे. मूल नेमके ज्या वयात हाताशी धरायला हवे, त्याच वयात त्याचा हात सुटत होता. ही गोष्ट गावकरीही रोज पाहत होते. ती आपण थांबवली पाहिजे असे मात्र नांगर विकणाऱ्या या माणसाला वाटले.

रयतेची संस्था

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले या गावी, सत्यशोधक समाजाच्या परिषदेच्या वेळी, रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. संस्थेचे नाव आपल्या वाचकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावे. रयत हा शब्द मुळात अरबी. राखणारा ज्यांना राखतो, ज्यांची जबाबदारी त्याच्यावर असते, ते म्हणजे रयत. फारसीच्या वाटेने हा शब्द मराठीत आला, शिवकाळात रुळला आणि कुणब्याच्या तोंडी घट्ट बसला. भाऊरावांनी या शब्दातली जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतली.

काल्यात वसतिगृह निघाले. १९२४ साली कार्याचे ठाणे साताऱ्यास हलले. तिथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे जे वसतिगृह उभे राहिले, त्याला २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव देण्यात आले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी जातवार वसतिगृहे काढली होती, कारण त्या काळी तोच मार्ग मोकळा होता. भाऊरावांनी महाराजांचे ऋण मान्य करून पुढचे पाऊल टाकले. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान सगळी मुले एका छपराखाली आणली, एका पंगतीला बसवली. मुलांनीच दळावे, मुलांनीच रांधावे, मुलांनीच झाडलोट करावी. एकाने थापलेली भाकर दुसऱ्याने खाल्ली की शिवाशिवीवर निराळे व्याख्यान देण्याची गरज उरत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

या संसाराचा भार कोणी उचलला, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई जुन्या वळणात वाढलेल्या. प्रथम त्यांना हे सगळे जड गेले. पण पुढे त्या बोर्डिंगातल्या प्रत्येक मुलाची आई झाल्या. मुलांच्या पोटासाठी त्यांचे दागिने एकेक करून विकले गेले. एकदा भाऊराव बाहेरगावी असताना धान्य संपले, तेव्हा त्यांनी गळ्यातील मंगळसूत्रही देऊन टाकले. १९३० साली त्या अकाली निवर्तल्या. समाजकार्य करणाऱ्या माणसाचे नाव होते. त्याच्या घराने काय सोसले याची नोंद सहसा होत नाही. आपला मुलगा किंवा मुलगी या वाटेने जाणार असेल, तर घराने त्याच्या पाठीशी किती उभे राहावे लागते, हे लक्ष्मीबाईंच्या चरित्रावरून समजावे.

भाऊरावांची पद्धत

भाऊरावांनी पदवी घेतली नव्हती, मानसशास्त्राचे ग्रंथ वाचले नव्हते. पण तेरा-चौदा वर्षांचे मूल त्यांना पुरते कळले होते. या वयात मुलाला उपदेश नको असतो. त्याला काम हवे असते, मान हवा असतो. फुकट मिळालेल्या जेवणाने त्याचे पोट भरते, पण मान खाली जाते. म्हणून भाऊरावांनी दान घेतले ते संस्थेसाठी. मुलाला मात्र त्यांनी कमवा आणि शिका हा मार्ग दाखवला. शेत नांगरा, माती वाहा, इमारतीचे दगड फोडा आणि त्या मजुरीवर शिका. जमीनदाराचा मुलगा असो की मोलकऱ्याचा, दोघांच्या हाती कुदळ सारखीच. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल याच तत्त्वावर निघाले. तिथे फी नव्हती, राहण्याची सोय होती आणि श्रम हेच शुल्क होते.

दुसरी गोष्ट अशी, की शिकवायला माणसे लागतात, हे ओळखून त्यांनी १९३५ साली साताऱ्यात शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढले. तिथून तयार झालेले तरुण ज्या खेड्यांत शाळाच नव्हती तिथे जाऊन बसले. बोर्डिंगात वाढलेला मुलगाच पुढे शिक्षक होऊन दुसऱ्या मुलाला हात देई. वडाच्या पारंब्या जमिनीत रुजून नवे खोड धरतात, तसे हे काम वाढत गेले. संस्थेचे बोधचिन्हही वटवृक्षच आहे.

आपल्या पुण्याशीही या कार्याचा जवळचा संबंध आहे. खराडीहून शहरात जाताना वाटेत येरवडा लागते. तिथल्या कारागृहात २४ सप्टेंबर १९३२ रोजी गांधीजी आणि डॉ. आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली पुणे करार झाला. कराराच्या कागदावर सह्या झाल्या; पण स्पृश्य आणि अस्पृश्य मुलांनी प्रत्यक्ष एकत्र राहावे म्हणून कोणी काय केले? भाऊरावांनी त्या ऐक्याची आठवण म्हणून त्याच वर्षी पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस सुरू केले. मोठ्या माणसांचा समझोता टिकायचा असेल तर तो मुलांच्या ताटापर्यंत पोहोचावा लागतो, अशी त्यांची दृष्टी होती.

मुसलमान समाजाशी त्यांचा जिव्हाळा होता तोही असाच, बोलून दाखवण्याचा नव्हे. त्यांच्या बोर्डिंगांत मुसलमान मुले इतरांच्या बरोबरीने वाढली. १९५५ साली साताऱ्यात निघालेल्या शिक्षणशास्त्र महाविद्यालयाला मौलाना आझादांचे नाव देण्यात आले. संस्थेचे साताऱ्याचे विधी महाविद्यालयही इस्माईलसाहेब मुल्ला यांच्या नावाने चालते.

कसोटी आणि फळ

काम वाढले तशी संकटेही आली. १९४८ साली सरकारची नाराजी ओढवून संस्थेचे अनुदान बंद झाले. हजारो मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न उभा राहिला. भाऊराव पुन्हा आपल्या जुन्या रस्त्याला लागले. नांगर विकताना पायाखालून घातलेली तीच गावे, तेच बांध. शेतकऱ्यांनी धान्य दिले, पैसा दिला आणि संस्था तगली. पुढे अनुदानही परत सुरू झाले. ज्याने तीस वर्षे लोकांची मुले सांभाळली, त्याची संस्था लोकांनी सांभाळली.

खादीचे कपडे, खांद्यावर घोंगडी, हातात काठी आणि छातीवर रुळणारी दाढी, अशी ही मूर्ती खेड्यापाड्यांत घरच्या वडीलधाऱ्यासारखी वावरत असे. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज आणि १९५४ साली कऱ्हाडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज निघाले. १९५९ साली भारत सरकारने पद्मभूषण हा किताब दिला, आणि जो माणूस मॅट्रिकही झाला नव्हता त्याला पुणे विद्यापीठाने डी. लिट्. देऊन गौरविले. त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांची प्राणज्योत मालवली. त्या वेळी संस्थेची ३८ वसतिगृहे आणि १०० हून अधिक माध्यमिक शाळा चालू होत्या. आज तिच्या शाखांची गणती शेकड्यांनी होते. बोर्डिंगातून शिकून गेलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर होऊन शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. परंतु भाऊरावांची खरी कमाई म्हणजे ज्यांची नावे कुठेच छापली गेली नाहीत असे हजारो शिक्षक, तलाठी, जवान आणि शेतकरी. हे सगळे तेराव्या वर्षी वाया जाणार होते, ते गेले नाहीत.

विद्यार्थी मित्रांनो आणि पालकहो

भाऊरावांच्या काळी या कामाचे शिक्षण देणारी शाळा देशात नव्हती. ती पहिल्याने निघाली १९३६ साली मुंबईत, आणि तीही नागपाड्यासारख्या गरीब, मिश्र वस्तीच्या मोहल्ल्यात. सर दोराबजी टाटांच्या नावाने सुरू झालेली ती शाळाच आजची टाटा समाजविज्ञान संस्था होय. पुण्यात १९६३ साली कर्वे समाजसेवा संस्था स्थापन झाली. कोणत्याही शाखेची पदवी घेतल्यावर दोन वर्षांत समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेता येते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने बालगृहे, निरीक्षणगृहे, बालकल्याण समित्या यांची व्यवस्था घालून दिली आहे. तिथे परिविक्षा अधिकारी लागतात, समुपदेशक लागतात. शाळांनाही मुलांचे ऐकून घेणारी माणसे हवी आहेत. तेव्हा हे काम करणाऱ्याने उपाशीच राहावे असे आता नाही. पगार संगणक कंपनीइतका नसेल, हे मात्र आधीच समजून घ्यावे आणि मुलांनाही स्पष्ट सांगावे.

ज्या विद्यार्थ्याला वाटते की हे आपले काम आहे, त्याने पदवीची वाट पाहत बसू नये. मोहल्ल्यातील एका मुलाला जवळ करावे. त्याची वह्यापुस्तके पाहावीत, तो शाळेत का जात नाही ते त्याच्या आईला विचारावे, आणि सहा महिने त्याचा हात सोडू नये. सहा महिन्यांनंतरही कंटाळा आला नाही, उलट दुसरा मुलगा दिसू लागला, तर काम सापडले असे खुशाल समजावे.

पालकांना एवढीच विनंती, की आपल्या मुलाचा ओढा असा असेल तर त्याला वेड्यात काढू नका. बोर्डिंगातून घालवलेल्या, परीक्षेत मागे पडलेल्या, दारोदार नांगर विकणाऱ्या भाऊरावांकडे पाहून त्यांच्या आईवडिलांनाही काळजी वाटलीच असेल. तो मुलगा पुढे हजारो घरांची काळजी वाहणार आहे, हे तेव्हा कोणाच्या ध्यानी आले नव्हते.